मांड मांडणारे हरिभाऊ : डॉ. विष्णू श्रीधर वाकणकर

गोव्याहून महाकालेश्वराच्या दर्शनाला निघालेला भाविक बहुधा इंदूरपर्यंत विमानाने जातो आणि पुढचे सुमारे ५५ किलोमीटरांचे अंतर मोटारीने किंवा बसने कापतो. हा इंदूर रस्ता उज्जैन शहरात शिरतो तो नानाखेडा भागातून. बसस्थानक, क्रीडासंकुल, दुकानांच्या रांगा आणि त्यांच्या मागे पसरत गेलेल्या नव्या वसाहती असे या भागाचे आजचे रूप आहे. क्षिप्रेचे घाट, जुन्या गल्ल्या आणि महाकालाचे शिखर अजून पुढे असते. बसमधून उतरलेला प्रवासी रिक्षावाल्याला मंदिराचा रस्ता विचारतो आणि निघून जातो. याच शहरात आयुष्याचा मोठा काळ घालवलेल्या एका मराठी माणसाचे नाव त्याच्या कानावर पडण्याचा संभव थोडा. डॉ. विष्णू श्रीधर वाकणकर हे ते नाव. जगाने त्यांना भीमबेटकाच्या शैलचित्रांचे शोधक म्हणून ओळखले. उज्जैन त्यांना हरिभाऊ म्हणत असे.

पुरातत्त्वज्ञ म्हणून वाकणकरांची कीर्ती मोठी आहे आणि ती योग्यच आहे. परंतु त्यांच्या आयुष्याचा दुसरा धागा तितकाच महत्त्वाचा आहे आणि आज तो अधिक निकडीचा वाटतो. माणसे एकत्र का येतात, एकत्र आलेल्या माणसांचा समाज कशाने बनतो आणि त्यात चित्राचे, नृत्याचे, सणाचे काम काय, हा प्रश्न त्यांनी जन्मभर हाती धरला. त्याचे उत्तर त्यांनी आधी गुहांच्या भिंतींवर शोधले आणि नंतर शहरांच्या रस्त्यांवर अजमावून पाहिले.

वाकणकरांचा जन्म ४ मे १९१९ रोजी नीमच येथे झाला. नीमच हे माळव्याच्या उत्तर टोकाचे छावणीचे गाव. महाराष्ट्राबाहेर जन्मलेल्या या मराठी मुलाला त्या भूमीत परके वाटावे असे काही नव्हते. अठराव्या शतकात शिंदे, होळकर आणि पवार यांच्याबरोबर मराठी कुटुंबे माळव्यात आली आणि उज्जैन, इंदूर, देवास, धार या गावी रुजली. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी आपली राजधानी ग्वाल्हेरजवळच्या लष्करात नेली, तोवर उज्जैन हेच शिंद्यांचे मुख्य ठाणे होते. दरबार गेला, तरी माणसे राहिली. घरात मराठी आणि अंगणापलीकडे माळवी बोलणारा, गणपती बसवणारा आणि संजाची गाणीही ओळखणारा असा एक समाज तिथे घडला. दोन परंपरांच्या सीमेवर वाढलेल्या माणसाला एक गोष्ट लवकर उमगते. सण दुसऱ्याचा असला तरी त्यात उभे राहता येते, गाणे दुसऱ्याचे असले तरी त्याचा ठेका धरता येतो. कारवार, बेळगाव आणि सिंधुदुर्ग यांच्या मध्ये वसलेल्या आपल्या गोव्याला हे वेगळे सांगायला नको.

हरिभाऊंची पहिली ओढ चित्रकलेची. मुंबईला राहून त्यांनी चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतले आणि जी. डी. आर्ट ही पदविका मिळवली. पुढे इतिहास आणि पुरातत्त्व हे विषय त्यांच्या आयुष्यात आले, पण त्यांनी चित्रकाराची नजर कधी बाजूला ठेवली नाही. त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाची किल्ली इथे आहे. पुरातत्त्वाचा अभ्यासक भिंतीवरच्या चित्राकडे पुरावा म्हणून पाहतो. ते चित्र काढणाऱ्या हाताला काय करावे लागले असेल, रंग कुठून आणावा लागला असेल, रेघ कुठे सुरू होऊन कुठे थांबली असेल, हे चित्रकार शोधत राहतो. वाकणकरांपाशी या दोन्ही दृष्टी होत्या.

१९५० च्या दशकात त्यांनी उज्जैनमध्ये भारती कला भवन ही संस्था उभी केली. तिला चित्रकलेची शाळा म्हणता येईल, पण तिचे स्वरूप त्याहून मोकळे होते. तिथे मुले चित्र काढायला शिकत आणि गुरूबरोबर रानावनातही हिंडत. माळव्याच्या टेकड्या, नदीकाठची पांढरीची टेकाडे, ओसाड देवळे हे सगळे त्या शाळेचे वर्ग होते. पुढे भोपाळचे नामवंत चित्रकार म्हणून ओळखले गेलेले सचिदा नागदेव हे याच भवनातून घडले. आपल्याकडे कलाशिक्षण म्हटले की खोली, फळा आणि परीक्षा डोळ्यांसमोर येते. हरिभाऊंच्या मते कला ही संगतीने शिकायची गोष्ट होती. आधी एकत्र चालायचे, एकत्र जेवायचे, एकाच दगडासमोर बसून रेखाटायचे आणि मग एकमेकांची चित्रे पाहायची, असा त्यांचा शिरस्ता होता.

अशाच भटकंतीच्या काळात १९५७ साली भीमबेटका त्यांच्या दृष्टीस पडले. आगगाडीने भोपाळच्या बाजूला जात असताना खिडकीतून त्यांना दूरवर डोंगरमाथ्यावर किल्ल्याच्या बुरुजांसारखे उभे असलेले प्रचंड खडक दिसले. असे खडक म्हणजे ओघळीखालची निवाऱ्याची जागा, आणि अशा निवाऱ्यांत चित्रे असण्याचा संभव असतो, हे तोपर्यंतच्या अनुभवाने त्यांना ठाऊक होते. ते तिथे पोचले, झाडीतून वाट काढत वर चढले आणि एकामागून एक शैलाश्रय त्यांच्यासमोर उलगडत गेले. भोपाळच्या दक्षिणेस सुमारे ४५ किलोमीटरांवर, रायसेन जिल्ह्यात, विंध्याच्या कडेला हे स्थळ आहे. परिसरातल्या टेकड्यांवर मिळून ७०० हून अधिक शैलाश्रय आहेत आणि त्यांपैकी शेकडो शैलाश्रयांत चित्रे आहेत.

इथे एक गोष्ट प्रांजळपणे नोंदवली पाहिजे. भीमबेटका अगदीच अज्ञात नव्हते. डब्ल्यू. किंकेड नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८८८ मध्ये, स्थानिक आदिवासींनी दिलेल्या माहितीवरून, एका लेखात या जागेचा उल्लेख बौद्ध स्थळ म्हणून केला होता. भारतातील शैलचित्रांचा शोध तर त्याच्याही आधी, १८६७-६८ मध्ये, आर्चिबाल्ड कार्लाइल यांनी मिर्झापूरच्या भागात लावला होता. स्पेनमधल्या अल्तामिराच्या प्रसिद्ध गुहाचित्रांचा शोध १८७९ चा, म्हणजे त्यानंतरचा. गुराखी आणि रानातली माणसे भीमबेटकाच्या सावलीत पिढ्यान्‌पिढ्या विसावत होती. भीमाची बैठक म्हणून त्या जागेला नाव देणारेही तेच. वाकणकरांचे श्रेय वेगळे आहे. त्यांनी त्या भिंतींसमोर बसून चित्रांच्या प्रतिकृती काढल्या, शैलाश्रयांना क्रमांक दिले, उत्खनन केले आणि लोकांच्या नित्य पाहण्यातला कातळ म्हणजे मानवी संस्कृतीचे दप्तर आहे हे अभ्यासकांना पटवून दिले. २००३ साली युनेस्कोने भीमबेटकाचा जागतिक वारसास्थळांच्या यादीत समावेश केला. ते पाहायला हरिभाऊ उरले नव्हते.

त्या भिंतींवर काय आहे? हरिणे, गवे, हत्ती, मोर आहेत. शिकारी आहेत, मध काढणारी माणसे आहेत, घोडेस्वार आणि मिरवणुका आहेत. आणि नाचणारी माणसे आहेत. हातात हात गुंफून ओळीने नाचणाऱ्या आकृत्या भीमबेटकात ठिकठिकाणी दिसतात, काही चित्रांत त्यांच्या सोबतीला वाद्य वाजवणाराही आहे. हिरव्या रंगातल्या काही चपळ, नृत्यमग्न आकृत्या सर्वांत प्राचीन, पुराश्मयुगाच्या अखेरच्या काळातल्या असाव्यात, असे वाकणकरांचे मत होते. ते सर्व अभ्यासकांनी स्वीकारले नाही. बहुतेक जुन्या चित्रांचा काळ मध्याश्मयुग, म्हणजे सुमारे दहा हजार वर्षांच्या आतबाहेरचा मानण्याकडे अनेकांचा कल आहे. काळाचा वाद कसाही सुटो, नाचणाऱ्या माणसांची ओळ तिथे आहे. शेती नव्हती, गाव नव्हते, लिपी नव्हती, त्या काळापासून माणूस एकत्र नाचत आला आहे आणि तो नाच टिकावा म्हणून कातळावर काढून ठेवत आला आहे.

दुसरी गोष्ट थरांची. भीमबेटकाच्या भिंतीवर एका चित्रावर दुसरे आणि त्यावर तिसरे काढलेले दिसते. शेजारी कोरी जागा असतानाही नंतरच्या पिढ्यांनी जुन्या चित्रावरच आपले चित्र काढले आहे. मध्याश्मयुगीन शिकाऱ्याच्या रेघेवर ऐतिहासिक काळातला घोडेस्वार दौडताना दिसतो. काही आकृत्यांची वेलबुट्टी माळव्यातल्या ताम्रपाषाणयुगीन खापरांवरच्या नक्षीशी जुळते. डोंगरातले शिकारी आणि सपाटीवरचे शेतकरी यांची ये-जा होती, देवाणघेवाण होती, हे त्यावरून समजते. एकाही चित्राखाली नाव नाही. हजारो वर्षे वेगवेगळे लोक एकाच भिंतीपाशी येत राहिले आणि आपला वाटा घालून गेले. कला ही एकट्या प्रतिभावंताची मिरासदारी आहे, या आधुनिक समजुतीला ती भिंत मुकाट्याने उत्तर देते. मुंबईत चित्रकलेची पदविका घेऊन आलेल्या तरुणाने ते उत्तर मनावर घेतले असावे, कारण पुढे त्याने स्वतःची चित्रे मिरवण्यापेक्षा इतरांना चित्राशी आणून बसवण्यावर अधिक वर्षे खर्च केली.

उज्जैनचे विक्रम विद्यापीठ १९५७ मध्ये सुरू झाले आणि वाकणकरांचे पुढचे बरेचसे संशोधन त्याच्या छत्राखाली घडले. विद्यापीठाच्या पुरातत्त्व संग्रहालयाचा मोठा भाग त्यांनी गोळा केलेल्या वस्तूंनी भरलेला आहे. उज्जैनच्या पूर्वेस सुमारे २५ किलोमीटरांवर छोटी कालीसिंध नदीच्या काठी कायथा नावाचे गाव आहे. तेथील पांढरीच्या टेकाडाचे महत्त्व त्यांनी १९६४ मध्ये ओळखले आणि पुढच्या काळात तिथे उत्खनन केले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनेही नंतर तिथे काम केले. त्यातून माळव्यातल्या ताम्रपाषाणयुगाचा आरंभीचा टप्पा उजेडात आला. इसवी सनापूर्वी २००० च्याही आधी तिथे शेती करणारे, चाकावर सुबक भांडी घडवणारे, तांब्याच्या कुऱ्हाडी आणि बांगड्या वापरणारे लोक राहत होते. या वसाहतीला आज अभ्यासक कायथा संस्कृती या नावाने ओळखतात. तिथे भांड्यात जपून ठेवलेले अतिसूक्ष्म मणी हजारोंच्या संख्येने सापडले. इतके बारीक मणी घडवून ओवणे हे एका हाताचे काम नव्हे. त्या टेकाडाखाली एक मोठी कसबी वस्ती झोपली होती.

साठच्या दशकाच्या आरंभी फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर वाकणकर पॅरिसला गेले. युरोपातली आदिम चित्रकला त्यांनी प्रत्यक्ष पाहिली आणि भारतीय शैलचित्रांबद्दल तिथल्या विद्वानांना सांगितले. भारतातल्या चित्रित शैलाश्रयांवर प्रबंध लिहून त्यांनी पुणे विद्यापीठाची पीएच. डी. मिळवली. त्यांचे मार्गदर्शक होते डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया. १९७६ साली रॉबर्ट ब्रुक्स यांच्या सहकार्याने लिहिलेला भारतातील पाषाणयुगीन चित्रांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ अमेरिकेतील येल विद्यापीठाने प्रसिद्ध केला. त्याच्या आदल्या वर्षी, १९७५ मध्ये, भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली होती. एवढ्या मानसन्मानानंतर मोठ्या शहरात स्थिरावणे त्यांना अवघड नव्हते. ते उज्जैनमध्येच राहिले.

उज्जैनमध्ये राहण्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. हे शहर एकत्र जमण्याच्या कलेत मुरलेले आहे. दर बारा वर्षांनी सिंहस्थ येतो आणि क्षिप्रेच्या काठी कोट्यवधी लोक लोटतात. श्रावणात आणि भाद्रपदात दर सोमवारी महाकालाची पालखी नगरात निघते आणि रस्ते माणसांनी फुलतात. माळव्याचे लोकनाट्य माच हे उज्जैनच्या मातीतले. उंच उघड्या रंगमंचावर रात्र रात्र चालणारे हे गायनप्रधान नाट्य पाहणाऱ्या गोमंतकीयाला आपल्या जत्रेतल्या दशावतारी काल्याची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. पितृपक्षात माळव्यातल्या मुली घराच्या भिंतीवर शेणाने संजा मांडतात. रोज संध्याकाळी नवी आकृती, तिच्यावर फुलापानांची सजावट, मग शेजारपाजारच्या मुलींचा मेळा, गाणी आणि खिरापत. सोळा दिवसांचा हा खेळ शेवटच्या दिवशी किलाकोटाच्या मोठ्या चित्राने पुरा होतो आणि मग सारी संजा पाण्यात सोडतात. महाराष्ट्रातल्या भोंडल्याची ही सख्खी बहीण. १९५८ पासून उज्जैनमध्ये कालिदास समारोहही भरू लागला. पंडित सूर्यनारायण व्यास यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या आणि कार्तिकी एकादशीपासून रंगणाऱ्या या सोहळ्यात संस्कृत नाटके, विद्वानांच्या सभा आणि कालिदासाच्या काव्यावर आधारित चित्रशिल्पांची प्रदर्शने एकाच ठिकाणी येतात.

अशा शहरात राहणाऱ्या माणसाला गर्दी आणि समाज यांतला फरक रोज दिसत असणार. सिंहस्थाची गर्दी स्नान करून पांगते. संजेभोवती जमलेल्या दहा मुली मात्र सोळा दिवसांनी एकमेकींच्या होऊन जातात, कारण त्यांनी मिळून हाताने काही केलेले असते. शेण आणलेले असते, फुले वेचलेली असतात, एकीला न येणारी ओळ दुसरीने म्हटलेली असते. वाकणकरांच्या पुढच्या कार्याचे मर्म या भेदात आहे. लोकांनी कला पाहावी एवढ्यावर त्यांचे समाधान नव्हते. लोकांनी ती मिळून करावी, हे त्यांना हवे होते.

१९८१ मध्ये लखनौ येथे संस्कार भारती या संस्थेची स्थापना झाली आणि वाकणकर तिचे संस्थापक महामंत्री झाले. कलावंतांना आणि सामान्य कुटुंबांना एका मंचावर आणणे हे तिचे उद्दिष्ट होते. योगेंद्रबाबांसारखे पूर्णवेळ कार्यकर्ते त्यांच्यासोबत होते. वाकणकर राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक होते आणि संस्कार भारतीही त्याच परिवारातली संस्था. नववर्षाचे स्वागत, गुरुपूजन, कृष्णजन्माच्या निमित्ताने मुलांच्या रूपसज्जेचे मेळावे, भरतमुनींचे स्मरण असे उत्सव तिने कलावंतांच्या पंचांगात आणले. गावोगावी चित्रकार, गायक, नट, नर्तक यांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावे, एकमेकांची कला ऐकावी, पाहावी, ही रीत तिथून पसरली.

गोव्यातल्या आणि महाराष्ट्रातल्या घरांत ही संस्था एका वेगळ्याच वाटेने पोचली. आज दिवाळीत किंवा पाडव्याच्या शोभायात्रेत चौकात घातल्या जाणाऱ्या भव्य, गोलाकार, पाचही बोटांतून रांगोळी सोडून काढलेल्या आकृतींना आपण सर्रास संस्कार भारतीची रांगोळी म्हणतो. संस्थेशी काडीचा संबंध नसलेल्या घरातही हा शब्द रुळला आहे. ठिपक्यांची रांगोळी उंबऱ्याशी एकटीने घालता येते. ही रांगोळी मात्र वीस-पंचवीस हातांशिवाय पुरी होत नाही. एकाने खडूचा दोरा धरायचा, दुसऱ्याने वर्तुळ फिरवायचे, बाकीच्यांनी रंग भरायचा आणि सगळ्यांनी कडेकडेने मागे सरत यायचे. काही तासांत ती पुसली जाते. तिचे आयुष्य थोडे, पण ती घालताना झालेली ओळख टिकते.

या कार्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एखादी संस्था विशिष्ट विचारपरिवारातून उभी राहते, तेव्हा काहींना तिचे दार आपलेसे वाटते आणि काहींना नाही. कलेच्या भोवती जमलेले वर्तुळ किती रुंद आहे, त्यात कोणाला सहज पाऊल टाकता येते आणि कोण कडेला उभा राहतो, हा प्रश्न अशा प्रत्येक उपक्रमाला विचारला जातो आणि विचारला गेलाही पाहिजे. वाकणकरांच्या सरस्वती नदीविषयीच्या शोधालाही असाच वाद चिकटला. १९८५ मध्ये त्यांनी अभ्यासक आणि कार्यकर्ते यांचा चमू घेऊन हिमालयाच्या पायथ्याच्या आदिबद्रीपासून पश्चिमेच्या समुद्राच्या दिशेने, लुप्त मानल्या गेलेल्या सरस्वतीच्या संभाव्य पात्राचा माग काढला. घग्गर-हाकरा नदीचे कोरडे पात्र आणि वेदांतली सरस्वती यांचे नाते काय, यावर भूगर्भशास्त्रज्ञ आणि इतिहासकार यांचे आजही एकमत नाही. हरिभाऊंनी काढलेले सर्वच निष्कर्ष मान्य करण्याची गरज नाही. पासष्टी ओलांडलेला माणूस पुस्तकांतून उठून नदीच्या वाळूवरून चालत गेला आणि आपल्याबरोबर इतरांनाही घेऊन गेला, हे मात्र त्यांच्या स्वभावाला साजेसे होते.

एप्रिल १९८८ मध्ये सिंगापूरच्या प्रवासात असताना त्यांचे निधन झाले. वयाची ६९ वर्षे पुरी व्हायला एक महिना उरला होता. नीमचला सुरू झालेला आणि विंध्याच्या कडेकपाऱ्यांतून फिरलेला प्रवास समुद्रापलीकडे, परक्या मातीवर थांबला. मागे उरली ती हजारो रेखाटने, नाणी आणि शिल्पांचा संग्रह, विद्यापीठातले संग्रहालय, उज्जैनमध्ये त्यांच्या नावाने चालणारे संशोधनकार्य आणि देशभर विखुरलेले शिष्य.

या जीवनाकडे गोव्यातून पाहताना आपल्याला दूर जावे लागत नाही. सांगे तालुक्यात कुशावती नदीच्या काठी, उसगाळीमळ येथे जांभ्या कातळावर कोरलेली बैल, हरिणे, माणसे आणि ते गूढ चक्रव्यूह आपण जाणतो. १९९३ मध्ये ही कातळशिल्पे अभ्यासकांसमोर आली, तीही स्थानिक लोकांमुळेच. भीमबेटकाची कथा इथे पुन्हा घडली. गावकऱ्यांनी जपले, अभ्यासकाने ओळखले. आणि भीमबेटकातली ती नाचणाऱ्यांची ओळ आपल्याकडे अजून जिवंत आहे. पौष महिन्यात आपल्या खेड्यापाड्यांत स्त्रिया धालोच्या मांडावर जमतात, दोन ओळींत समोरासमोर उभ्या राहतात, एकमेकींच्या कमरेभोवती हात गुंफून पुढे-मागे झुलत गातात. शिगम्यात रोमटे मांडावरूनच निघते. मांड या शब्दात जागाही आहे, मांडण्याची क्रियाही आहे आणि तिथे जमणारा समाजही आहे. हरिभाऊंनी आयुष्यभर जे उभे करू पाहिले, त्याला गोमंतकीय बोलीत इतका नेमका शब्द आधीच होता.

मात्र हा मांड आपोआप टिकत नाही. जत्रेतल्या नाटकाला पूर्वी गावातलीच माणसे तोंडाला रंग लावून उभी राहत, महिना महिना तालीम चाले, पेट्रोमॅक्सच्या उजेडात गाव आपल्याच माणसाला राजा झालेला पाहत असे. आज अनेक ठिकाणी बाहेरून मंडळी बोलावली जाते, गाव खुर्चीवर बसून पाहते आणि घरी जाते. कार्यक्रम अधिक सफाईदार होतो. पण तालमीच्या निमित्ताने भांडून पुन्हा समेट करणारी, शेजाऱ्याचा पाठांतराचा कागद धरून बसणारी माणसे उरत नाहीत. नव्या वसाहतींत तर मांडालाच जागा नाही. इमारतीखालची मोकळी जागा मोटारींनी व्यापलेली आहे आणि शेजारी कोण राहतो हे कळायला पाणी बंद व्हावे लागते.

हीच स्थिती उज्जैनच्या नानाखेड्यातही आहे आणि पर्वरी-मडगावच्या भोवतीच्या वसाहतींतही. २०२८ च्या सिंहस्थासाठी उज्जैनमध्ये रस्ते रुंद होत आहेत, घाट वाढत आहेत. कोट्यवधी पावलांची सोय होईल, यात शंका नाही. त्या गर्दीतून उरणारे काही घडवायचे असेल, तर त्यासाठी चौकाचौकांत पाच-पंचवीस माणसांना एकत्र बसवणारा कोणी तरी लागतो. तो बहुधा मोठा माणूस नसतो. रांगोळीचा दोरा धरणारी एखादी शिक्षिका असते, तालमीला चहा करणारा एखादा दुकानदार असतो, मुलांना टेकडीवर नेऊन रेखाटायला लावणारा एखादा चित्रकलेचा मास्तर असतो.

हरिभाऊ वाकणकर मुळात असे मास्तरच होते. कातळावरच्या नाचणाऱ्यांची नावे आपल्याला कधीच कळणार नाहीत. त्यांनी एकमेकांचे हात धरले होते, एवढे मात्र ठाऊक आहे. यंदा पौषात कुठल्या तरी वाड्यावर धालोचा मांड जागेल, तेव्हा कडेला उभे राहून मोबाइलवर चित्रण करणाऱ्या एखादीने तो फोन पिशवीत ठेवावा आणि ओळीत शिरावे. माळव्यातल्या त्या मराठी माणसाचे स्मरण करण्याची याहून चांगली रीत आपल्याकडे नाही.